नाव फाटलेलं बेट

तात्या रोज सकाळी साडेसहाला घंगाळात डोकं बुडवत.

अंघोळीसाठी नव्हे, अंघोळ आधीच झालेली असे. अंगणातल्या दगडावर घंगाळ काठोकाठ भरायचं, छाती फुगवून श्वास घ्यायचा आणि कानांपर्यंत आत जायचं. शेजारी काकी हातातलं काम टाकून उभ्या राहत आणि खणखणीत आवाजात आकडे मोजत, ‘एक... दोन... तीन...’ मी भोरला हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिले चार दिवस मला वाटलं, बाई नातवाकडून उजळणी करून घेतायत. पाचव्या दिवशी भिंतीवरून डोकावलो, तर साठी उलटलेले एक गृहस्थ ओणवे झालेले. मागे धोतराचा काष्टा दिसत होता, पुढे डोकंच नव्हतं.

एकशे दहाला डोकं वर आलं. मिशांतून पाणी निथळत होतं. ‘काल एकशेचार, आज एकशेधा,’ मला बघून ते म्हणाले. ‘बैजवार चाललंय.’

माझ्याकडे गजराचं घड्याळ नव्हतं. पुढची नऊ वर्षं मी काकींच्या आकड्यांनीच उठत आलो.

रखमाजी तात्या म्हणजे भोर संस्थानच्या कचेरीतले जुने कारकून. संस्थान गेलं, मागोमाग नोकरी संपली, पण कारकुनी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. घरात आवक-जावक रजिस्टर होतं. आमच्याकडून वाटीभर विरजण गेलं की ते त्यांच्या आवकेत चढे. पाहुणा उठून गेला की जावकेत. ‘बैजवार’ हा त्यांचा लाडका शब्द. कुठलीही गोष्ट क्रमानं, नीट, एकामागून एक झाली पाहिजे. काकींनी चहात साखरेआधी दूध घातलं, तर तो चहा ते परत पाठवत. दुसऱ्यांदा तोच चहा पुन्हा आला, तर मात्र गुपचूप पीत.

ओळख होऊन महिना झाला नसेल, तेव्हा तात्यांनी मला घरात बोलावलं, दार लोटून घेतलं आणि पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेला एक कागद पुढे केला. बाजारपेठेतल्या वाण्यानं त्यात खारका बांधून दिल्या होत्या. कुठल्याशा विलायती मासिकाचं पान होतं ते.

‘वाचा, मास्तर.’

मी वाचलं. समुद्रात एक बेट आहे. तिथं फार ऊन नाही, फार थंडी नाही. हिवाळ्यात सुट्टीला या. पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडाला नळी लावून आम्ही तुम्हाला सात दिवसांत समुद्राच्या तळाशी उतरायला शिकवू. खाली चित्र होतं. काचेचा मुखवटा घातलेला एक माणूस पांढऱ्या वाळूवर गुडघे टेकून एका दगडाला हात लावत होता.

‘यंदाच्या हिवाळ्यात मला हितं जायचंय,’ तात्या म्हणाले.

मी पान उलटसुलट करून पाहिलं. वरचा कोपरा फाटलेला होता आणि बेटाचं नाव नेमकं त्याच कोपऱ्यात गेलं होतं. वाण्यानं तेवढ्या तुकड्यात कुणाला तरी तपकीर बांधून दिली असणार.

‘तात्या, बेटाचं नावच नाहीये यात.’

‘नाव मागनं बघू. आदी तपशील बैजवार हुंद्या.’

तो तपशील नऊ वर्षं चालला. फायलीवर लफ्फेदार मोडी वळणात ‘सागरतळ फिरती’ असं लिहिलेलं होतं. आत मार्गशीर्षातला निघण्याचा दिवस, पौषातला परतीचा दिवस, बरोबर घ्यायच्या दशम्या आणि ‘धोतर पाण्यात फुगते, सबब लंगोट’ अशी नोंद. त्यांच्या सांगण्यावरून मी ‘व्यवस्थापक, बेट’ यांना इंग्रजीत सहा पत्रं लिहिली. पत्ताच नसल्यामुळे ती जावकेत नोंदवून फायलीलाच लावली जात. आळीतली माणसं विचारत, ‘तात्या, बेटाची एस्टी किती वाजता?’ तात्या गंभीरपणे सांगत, ‘अजून वेळापत्रक आलेलं न्हाई.’ मीही हसायचो. शिक्षकांच्या खोलीत त्यांची नक्कल करून मी पुष्कळ चहा फुकट प्यालो आहे.

एकदा त्यांनी नीरेत प्रयोग केला. डोळ्यांना डेपोतल्या वेल्डरचा काळा चष्मा, पायाला मोच्याकडून टायरच्या रबराचे शिवून घेतलेले बदकपाय आणि बुडायला वजन हवं म्हणून कमरेला काकींचा वरवंटा. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी एक म्हातारा कमरेला दगड बांधून पाण्यात शिरताना पाहिला. बायकांनी जो गिल्ला केला, तो पार बाजारापर्यंत ऐकू गेला. दोघी पाण्यात उतरल्या आणि त्यांनी तात्यांना धोतराच्या सोग्याला धरून बाहेर ओढलं. ‘एवढं काय दुक हाय वो तात्या तुमास्नी?’ त्यातली एक रडत विचारत होती. काकी धावत आल्या. आता नवऱ्याला फैलावर घेतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्यांनी वाकून फक्त विचारलं, ‘तळ दिसला का वो?’

‘काळा चष्मा,’ तात्या खोकत म्हणाले. ‘कायबी दिसलं न्हाई.’

आंबवड्याचा एक मुलगा नौदलात होता. तो रजेवर आला, तेव्हा तात्यांनी त्याला मुद्दाम चहाला बोलावलं आणि उलटतपासणी घेतली. बिचारा बोटीवर स्वयंपाकी होता. ‘तात्या, म्या भात शिजिवतो. पान्यात कधी पायबी घातला न्हाई.’ तात्या सोडतात होय? तळाशी गाळ किती बसतो? हिवाळ्यात पाणी नितळ असतं, व्हय ना? अन् एखादा दगूड असला, उगं हातात मावंल एवढा, तर तो पाण्यानं हालतो का?

‘कशाला हालंल? बसला तितं बसला,’ मुलगा कंटाळून म्हणाला.

तात्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू! त्याला आणखी एक कप चहा मिळाला. मी विचारलं, ‘तात्या, माशांचं काही विचारलं नाहीत? रंगीबेरंगी मासे असतात म्हणे.’

‘मासं घिऊन काय करू, मास्तर? आमी माळकरी.’

एवढ्या वर्षांत त्या माणसानं एकदासुद्धा माशांबद्दल, पोवळ्यांबद्दल, बेटाबद्दल विचारलं नव्हतं. विचारायचा तो तळाबद्दल. मी मुलांना उताऱ्याखालचे प्रश्न सोडवायला शिकवायचो, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस झालाच नाही. बाजारात मिलो ज्वारी आली, खडी फोडायची कामं निघाली, विहिरींना कोरड पडली. फाल्गुनात भोरजवळच्या धरणाचं पाणी इतकं खाली गेलं, की जुन्या माणसांनीही तसं कधी पाहिलं नव्हतं. ऐन तरुणपणी तात्यांचं गाव याच धरणात गेलं होतं, एवढं मला माहीत होतं. दर उन्हाळ्यात गावाची वरची आळी उघडी पडे, खालची आळी कधीच नाही. मी मोठ्या उत्साहानं बातमी घेऊन गेलो.

‘तात्या, तुमची खालची आळी उघडी पडली म्हणतात! चला, बघून येऊ.’

 तात्यांनी उठून ट्रंकेतून दुसरी एक फाईल काढली. तिच्यावर गावाचं नाव होतं आणि खाली ‘फेरिस्त’, म्हणजे यादी.

‘गाव उठायचं तवा समद्या घरांची मोजदाद माज्याकडं हुती,’ ते फाईल न उघडताच म्हणाले. ‘दारं, तुळया, झाडं, गोठ्यातलं खुंटं, समदं म्या लिवलं. आमची सगुना त्याच्या आदल्या साली गेली. अकरा म्हयन्यांची हुती. एवढ्या लेकराला जाळीत न्हाईत, पुरत्यात. घरामागं परड्यात पुरली आन् वर नदीतला एक गोल दगूड ठिवला. हिला म्या नव्या जागंला फुडं धाडली, तवा ही यवढंच म्हनली, येताना तो दगूड घिऊन या. हितं परड्यात ठिवू, म्हंजी ती आपल्यासंगं आली.’

काकी चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले होते.

‘म्या म्हनलं, आदी गावाचं बैजवार हुंदे. कारकुनानं पयलं आपलं घर उरकलं, असं कुनी म्हनाय नगं. आपलं घर म्या शेवटाला ठिवलं. वर डोंगरात पाऊस लागला, मास्तर. म्या गेलो तवा उंबऱ्याला पानी हुतं आन् परडं उंबऱ्याच्या खाली. फेरिस्तीत गोठ्यातलं खुंटंबी हायती. तीच न्हाई.’

बेटावर बुडी शिकून त्यांना उतरायचं होतं ते या धरणाच्या तळाशी. नऊ वर्षं मी ज्या गोष्टीवर हसत होतो, ती अंगणात रोज सकाळी माझ्या डोळ्यांसमोर चालली होती, आणि काकी मोजत होत्या त्या उगाच मोजत नव्हत्या. मला माझीच शरम वाटली.

रविवारी आम्ही तिघं एस्टीनं धरणापर्यंत गेलो आणि तिथून चालत निघालो. पाण्याची पार रया गेली होती. जमीन भेगाळून तिच्या खपल्या निघाल्या होत्या. वरच्या आळीतल्या भिंतींचे दगड दिसले. खालच्या आळीत मात्र नुसता गाळ होता, सपाट, राखाडी, किती पुरुष खोल ते देवाला ठाऊक. एवढ्या वर्षांत पाण्यानं आणलेली माती सगळी तिथंच बसली होती.

काकी एका दगडावर टेकल्या. फाईल माझ्या हातात होती. ‘इहिरीच्या काठापासनं उगवतीला एकवीस पावलं,’ तात्यांनी पाठ म्हटलं. पण विहीर कुठं होती? विहीरही गाळाखाली गेली होती. तात्यांनी समोरच्या डोंगराच्या सोंडेवरून अंदाज घेतला आणि पावलं टाकली. मग ओढ्याच्या वळणावरून. मग वरच्या आळीतल्या देवळाच्या जोत्यावरून. तीन वेळा मोजलं आणि तीन जागा आल्या, एकीपासून दुसरी वावरभर लांब. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं.

‘घावली का वो?’ लांबून काकींनी विचारलं.

तात्या उभे होते तिथंच गुडघ्यांवर बसले. रोजच्यासारखी छाती फुगवली आणि कपाळ जमिनीला टेकवलं. काकी उठून जवळ आल्या आणि सवयीनं, पण अगदी हलक्या आवाजात, मोजायला लागल्या. ‘एक... दोन... तीन...’ धरणात दुसरा आवाज नव्हता. साठ झाले, नव्वद झाले. त्या अंकांच्या मध्ये मीही श्वास रोखून उभा होतो.

एकशे दहाला तात्यांनी डोकं वर केलं. कपाळाला, मिशांना माती लागली होती.

‘हितंच हाय,’ ते म्हणाले. ‘बैजवार हाय.’

‘आन् दगूड?’

‘खाली हाय. ऱ्हाऊ दे तिच्यापाशी. आता उचलाया नगं.’

एका पावलाचा फरक पडला तर अख्खा पंचनामा पुन्हा लिहिणारा माणूस होता तो. काकींनी खरं-खोटं काही विचारलं नाही. पदराची गाठ सोडून हळद-कुंकवाची पुडी काढली, त्या जागेवर वाहिली आणि हाताच्या पंजानं भोवतालची माती अंगावरच्या पांघरुणासारखी सारखी केली. तात्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी फाईल मिटली.

एस्टीनं आम्ही घरी परतलो. दिवेलागणीला मी त्यांच्या अंगणात डोकावलो, तर घंगाळ भिंतीशी पालथं घातलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडे ऐकू आले नाहीत. मला जाग आली, तेव्हा शाळेची घंटा होऊन गेली होती.