कार्ड शिवून देणारे दत्तूमामा

क्रेडिट कार्ड शिवून देणारा शिंपी तुम्ही पाहिलाय का? नसेल तर जिंतूरला आमच्या गल्लीत या. दसरा झाला की दत्तूमामांच्या मशीनपुढं रांग लागते. कुणी शर्ट आणतं, कुणी पर्स. मामा कार्ड आतल्या कप्प्यात सरकवतात, तोंडावर जाड दोऱ्याची दुहेरी शिवण मारतात आणि म्हणतात, "जा आता बिनघोर बाजारात." शिवायचा एक पैसा घेत नाहीत. उसवायला गेलं की मात्र पोलीस बरे, अशी चौकशी करतात.

"कुणासाठी घ्यायलाव? त्यानं मागितलंय का? मग खामखा कामून?"

मी शाळेत पोरांना गणित शिकवते, पण मागच्या दिवाळीत सगळं गणित गुंडाळून ठेवलं. फ्रीज काय, साड्या काय, नणंदेच्या पोरांना सायकली काय! सगळं कार्डावर. पोळ्यापर्यंत हप्ते फेडले, पार घाम निघाला. म्हणून यंदा मुकाट्यानं पर्स मामांपुढं ठेवली.

आणि यंदाच माझ्या लेकीचा, पल्लवीचा, पहिला दिवाळसण! जाऊबाईंनी त्यांच्या जावयाला सोन्याची अंगठी घातलेली. मग आमचा जावई काय रस्त्यावर पडलाय? परभणीला सराफाकडं गेले, ठसठशीत अंगठी निवडली आणि पर्स उघडली. शिवण! केसातल्या पिनेनं उचकटून पाहिलं, दातानं ओढलं. सराफानं कात्री दिली, तर तिचं टोक टाक्यात शिरेना. पर्सच कापावी, तर तीही नवीकोरी. दुकानातल्या बाया टकामका बघायला लागल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! अंगठी बाजूला ठेवायला सांगितली, बस धरली आणि तणतणत मामांच्या दुकानात गेले.

"मामा, उसवा. आणि एक अक्षर बोलू नका."

मामांनी कात्री घेतली, पण बोललेच. "जावयानं मागितली?"

"जावई कधी तोंडानं मागतो का?"

"मग इचारा की. फोन कशाला हाय?"

त्यांच्यादेखतच लावला. जावई आधी ओशाळला. म्हणाला, "आई, कारखान्यात मशीनवर अंगठी चालत नाही. पेटीतच पडून राहील." मग चाचरत म्हणाला, "द्यायचंच असलं तर एक मापातला शर्ट द्या. तयार शर्टाच्या बाह्या मला आखूडच होतात."

मामांनी कात्री खाली टाकली आणि टेप उचलली. "बाह्या किती लांब, इचारा, इचारा!"

कापड मी रोख घेतलं. दिवाळसणाला जावई फिकट निळा शर्ट घालून पाटावर बसला, असा रुबाबदार दिसत होता! जाऊबाईंच्या जावयानं भर पंगतीत विचारलं, "कुठं शिवला हो?" जाऊबाई वाटीतल्या बासुंदीकडं बघत राहिल्या. आणि कार्डावर एक रुपयाही नाही! जिंकले मी, सरळ सांगते.

भाऊबीजेला शिलाईचे पैसे आणि फराळ घेऊन मी जावयासोबत मामांच्या घरी गेले. मामा एकटेच राहतात, मुलगा पुण्याला. भिंतीशी एक भलंमोठं खोकं होतं, त्याला मामांनी शिवलेली फुलाफुलांची गवसणी.

"हे काय, मामा?"

"टीव्ही हाय. पोरानं धाडला, तीन दिवाळ्या झाल्या. कार्डावर घेतलेला. म्हणला, मीच येऊन लावून देतो. मग याज चढत गेलं. ते फेडायला दर दिवाळीला जादा पाळ्या करायचा. टीव्ही आला, पोरगं न्हाई आलं."

दोन घरं सोडून राहते मी, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. जावई उठलाच. "मामा, दहा मिनिटांचं काम आहे. मी लावून देतो."

मामांनी त्याचा हात धरून खाली बसवलं.

"नगं, बाबा. शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात फिटला. उद्याच्या बसनं येतंय पोरगं, त्यालाच लावू द्या." मग माझ्याकडं वळून लहान पोरासारखे हसले. "बाई, फराळ मातर दोघांपुरता ठिवा."