कसबे शहादे येथील भाकरीच्या मोहिमेची हकीकत

श्री. ऐकावे जी. शके १८६०, बहुधान्यनाम संवत्सरी, माघ मासी, परगणे सुलतानपूर पैकी कसबे शहादे येथे जी मोहीम जाहली, तिची हकीकत पुढील पिढीस ठाऊक असावी, सबब लिहून ठेविली आहे. लढाया बहुत जाहल्या आणि त्यांचे वृत्तांतही बहुत लिहिले गेले. परंतु फौजेने खाल्ले काय आणि ते कोणी रांधिले, हे लिहिणारांनी मनावर घेतले नाही. ऐसियास ही हकीकत रांधणाराचीच आहे. जे घडले ते लिहिले; पदरचे घातले नाही.

गोमाई नदीचे काठी शहादे. चहूंकडे कापसाचा मुलूख. खेड्यांतून शाळा चौथीपावेतोंच, सबब आसपासच्या गावांची मुले सातवीची फायनल देणेकारणे शहाद्यास येत, आणि त्यांनी राहावे कोठे म्हणून कास्तकार मंडळीने वर्गणी करून एक बोर्डिंग उभे केले, आणि त्याची देखरेख राजमान्य राजश्री धर्मचंदजी शेठ, कापसाचे व्यापारी, यांजकडे सोपविली. ते वर्षी बोर्डिंगात अकरा असामी होते. वय चौदा ते सोळा. मिसरूड फुटलेले तिघे.

बोर्डिंगाचे मुदपाकखान्यावर नऊ वर्षे अखंड अंमल मातुश्री दगूबाई यांचा. तापीकाठच्या कुणब्याची लेक, वय पन्नाशीचे, कुंकू गेलेले, मूलबाळ नाही. भाऊ होता, परंतु भावजयीचे घरी पाहुणी किती दिवस गोड लागते हे त्यांस कळून चुकले होते. सबब हेच त्यांचे राज्य. कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, त्यांचे हातची ऐसी की पापुद्रा वर आणि चंद्र खाली. आणि त्या राज्याचा एकच कायदा होता, की कोणा मुलाने मुदपाकखान्याचा उंबरा ओलांडू नये. पोऱ्यांनी शिकावे आणि दगूबाईंनी रांधावे, ऐसी वाटणी. याउपर मुलांचे ज्ञान सांगावे तर हिंदुस्थानच्या नद्या उगमापासून मुखापावेतों तोंडपाठ. परंतु ज्या तांब्याने पाणी प्यावे तो घासावा कैसा, हे अकरांपैकी एकासही ठाऊक नव्हते. यात दगूबाईंस कधी वावगे वाटले नाही.

ऐसे असता माघ वद्य पंचमीस सकाळी विहिरीवरून येताना ओल्या दगडावर पाय घसरला आणि खासा स्वारी पडली. घागर वाचली, उजवे मनगट मोडले. हाडवैद्य आला, बांबूच्या कामट्या लावून हात गळ्यात बांधिला आणि चाळीस दिवस त्या हाताने काडी उचलू नये, ऐशी ताकीद दिली.

वर्तमान ऐकून षष्ठीस शेठजी जातीनिशी आले. कापूसवेचणीचे दिवस, त्यात लगीनसराई, दुसरी स्वयंपाकीण शोधिता मिळेना. सबब हुकूम फर्माविला, की बोर्डिंगास कुलूप घालावे, मुलांनी आपापले गावी जावे, आणि होळीउपर दुसरी बाई ठेवून मग पाहता येईल.

हा हुकूम ऐकोन दोन ठिकाणी वज्रपात जाहला. एक, हिलाल पाटील म्हणून मुलगा होता, हुशार आणि तोऱ्याचा. त्याचे तीर्थरूपांनी साफ सांगितले होते, की यंदा फायनल जाहली तर पुढे शिकवू, हुकली तर औत धर. होळीउपर पंधरा दिवसांनी परीक्षा. गावी गेलेला परत येतो कशाला! आणि दुसरा वज्रपात दगूबाईंवर. त्यांचे कानी बाकी काही शिरले नाही. "दुसरी बाई" हे दोनच शब्द शिरले आणि बसले. मग त्या भिंतीचा आधार घेऊन उठल्या आणि शेठजींसमोर उभ्या ठाकल्या.

"शेटजी, मन्हा हात मोडना शे, तोंड नही मोडनं. पोऱ्या रांधतीन, मी सांगसू. आठ दिन द्या."

शेठजी फारसे हसणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी अकरा मुलांकडे पाहिले, मुलांनी जमिनीकडे पाहिले. आठ दिवसांची मोहलत मंजूर जाहली. त्रयोदशीस शेठजी आपल्या मातुश्री हुलासबाई यांसह पाहावयास येतील. पोटभर आणि खाण्याजोगे अन्न मुलांचे हातून तयार दिसले तर ठीक, नाही तर कुलूप.

मग मोहीम सुरू जाहली. चुलीची सरदारी जालमसिंग यास दिली. हा सातपुड्याचे पायथ्याकडील गिरासे घराण्यातला. घरी भिंतीवर पूर्वजांची तलवार, आणि ती कोणी कोठे चालविली हे तो विचारल्याशिवायही सांगे. त्याने कापसाच्या पऱ्हाट्यांनी चूल ऐशी ठासून भरली, की वाऱ्यास शिरावयास फट ठेविली नाही, आणि वरून काडी लाविली. जाळ जाहला नाही. धूर मात्र ऐसा उसळला की शेजारचा सुकलाल सुतार घागर घेऊन आग विझवावयास धावत आला आणि जालमसिंगासच भिजवून गेला. इकडे पिठाचे आघाडीवर हिलालराव होते. पाणी फार जाहले म्हणून पीठ घातले, पीठ फार जाहले म्हणून पाणी घातले, आणि दोन्ही दळे एकमेकांस कुमक पाठवीत राहिली, तो दिवसभराचे पीठ परातीत आणि निम्मे हिलालरावांचे कोपरापावेतों. उंबऱ्यात बसून दगूबाई ओरडत होत्या, की पाणी अंदाजाने घाला.

"अंदाज म्हंजे कितलं, माय?" हिलालने रडकुंडीस येऊन विचारिले.

"अंदाज म्हंजे अंदाज रे!"

ऐसे बोलल्या खऱ्या, परंतु किती, ते त्यांचे त्यांसच सांगता येईना. त्या दिवशी फौजेने फुटाणे आणि गूळ खाल्ला. परातीतला ऐवज शेजाऱ्याचे म्हशीपुढे ठेविला. म्हशीने हुंगिला आणि मान फिरविली.

दुसरे दिवशी चूल पेटली, कारण जालमसिंगाने रात्रीतून आपला मान गिळून सुकलाल सुताराकडून युक्ती समजून घेतली होती. तिसरे दिवशी भाजीस फोडणी जाहली आणि एकाची भुवई गेली. परंतु भाकर म्हणून जी होती ती वश होईना. परातीत थापावी तो मधून फाटे. न फाटली तर उचलताना फाटे. उचलून तव्यावर गेली तर तव्याची होऊन राही. मुले तुकडे खात होती आणि रात्री पोट धरून भूगोल घोकत होती. तिघेजण बाजारात जाऊन भजी खाऊन आले, आणि ही फितुरी तोंडाच्या वासावरून उघडकीस आली. दगूबाई सांगत, ऐसे करा, तैसे करा. मुले ऐसे करीत, तैसे करीत. होत काही नसे. बांधलेला हात गळ्यातल्या गळ्यात हुळहुळे. वाटे, कामट्या तोडाव्या आणि एकदाची परात ओढून घ्यावी.

पाचवे दिवशी हिलालचे गावचा एक मनुष्य बाजारास आला, तो बोर्डिंगात डोकावला. हिलाल परातीशी बसलेला, पिठाने माखलेला. तो मनुष्य हसला आणि गेला. तीर्थरूपांचे गावात संध्याकाळपावेतों काय वर्तमान पोचणार, हे उमजून हिलाल उठला, हात धुतले आणि पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन उंबऱ्यात उभा राहिला.

"माय, मी जाई ऱ्हायनू. औत धरसू. हाई बायास्नं काम शे."

"तीन वरीस मन्हा हातनी भाकर खादी, तवय लाज नही वाटनी तुले?" दगूबाई बोलल्या, कारण हिलाल गेला म्हणजे मागोमाग दहा जाणार, आणि दहांमागे आपण, हे त्यांस डोळ्यांपुढे दिसत होते. मग रागाने म्हणा की हट्टाने म्हणा, त्या परातीशी जाऊन बसल्या आणि डाव्या हाताने गोळा घेऊन थापू लागल्या.

नऊ वर्षांत ज्यांची भाकर फाटली नव्हती, त्यांची भाकर फाटली. दुसरी घेतली, तीही फाटली. तिसरीचे तर तीन तुकडे. कोणी तरी फस्सकन हसले आणि अकराच्या अकरा हसले. आणि दगूबाईंस प्रथम राग आला, मग त्यांस स्वतःसही हसू आवरेना. हसता हसता त्यांची नजर परातीतल्या फाटक्या कडेवर गेली आणि तेथेच खिळली.

उजवा हात थापतो, हे सर्व जगास दिसते. परंतु डावा काय करीत होता? डावा कडेस टेकलेला असे. उजवा थापी, डावा कड सांभाळी, आणि दोहोंमध्ये भाकर आपोआप फिरे. नऊ वर्षे डाव्याने काम केले आणि त्याची खबर धनिणीस नव्हती. मग ती मुलांस सांगणार काय! मुले तर डावा हात गुडघ्यावर ठेवून उजव्याने पिठावर वार करीत होती.

"हिलाल, ठेव ती पेटी. ये आठे. तुन्हा उजवा, मन्हा डावा."

हिलाल पेटी खाली ठेवून त्यांचे उजवे अंगास येऊन बसला. "ठोकू नको, फिराव," दगूबाई म्हणत होत्या, आणि पोराचा उजवा आणि म्हातारीचा डावा ऐसे दोन हात मिळोन भाकर परातीत फिरू लागली. वाढली, पातळ जाहली, फाटली नाही. तव्यावर टाकिली, पाणी फिरविले, उलटली, निखाऱ्यापुढे धरिली, आणि ती टम्म फुगली. कोणी जयघोष केला नाही. हिलालची पेटी दुसरे दिवशीपावेतों उंबऱ्यातच होती. जो तो तिजवर अडखळत होता.

पुढील दोन दिवस दगूबाईंचा डावा हात एकेका मुलाचे जोडीस बसला. पाण्याचा अंदाजही सापडला. त्यांनी डोळे मिटले, आणि हात जितके पाणी ओतावयास मागे तितके तांब्यात घेऊन तांब्यास कोळशाची रेघ मारिली.

त्रयोदशीस सकाळी शेठजी व हुलासबाई दाखल जाहले. हुलासबाई मोठ्या करड्या. सोवळ्या नेमामुळे परक्याचे घरी पाणीही न घेणाऱ्या. त्यांनी येताच एक कलम वाढविले, की दगूबाईंनी आपलेजवळ अंगणात बसावे, चुलीकडे पाठ करावी, आणि तोंडातून अक्षर काढू नये. हात मोडला होता. आता तोंडही जप्त जाहले.

दगूबाई बसल्या. आतून थापण्याचा नाद येऊ लागला आणि तो त्या मोजीत राहिल्या. मध्येच नाद थांबला. मग करपल्याचा वास आला. दगूबाई अर्ध्या उठल्या. हुलासबाईंनी नुसते पाहिले. दगूबाई खाली बसल्या आणि डावा हात मांडीखाली दाबून धरिला. जाळ मोठा जाहला, पऱ्हाटी ओढा, एवढे शब्द ओठांशी येऊन उभे होते. इतक्यात आतून जालमसिंगाचा आवाज आला, "जाळ कमी कर! पऱ्हाटी काढ!" आणि थोड्या वेळाने नाद पुन्हा सुरू जाहला. दगूबाईंस हायसे वाटले, आणि त्याचबरोबर थोडे वाईटही वाटले. का, हे त्यांनी कोणास सांगितले नाही.

बत्तीस भाकरी जाहल्या. पैकी चार करपल्या, एक धारातीर्थी चुलीत पडली. शेठजींनी अंगणात बसून दोन खाल्ल्या आणि चकार शब्द काढिला नाही. हुलासबाईंनी खाल्ली नाही. एक भाकर मोडून आतला पापुद्रा उजेडास धरून पाहिला आणि "चोखी" एवढेच म्हणाल्या. मग हुकूम जाहला, की कुलूप रद्द. दुसरी बाई ठेवणे नाही. आणि दगूबाईंचा हात बरा जाहल्यावरही मुलांनी पाळीपाळीने चुलीशी बसावे, हा बोर्डिंगाचा कायम रिवाज करावा. पुढे फायनलीस अकरांपैकी नऊ पास जाहले, त्यांत हिलाल पाटील. दोघे गणितात पडले, त्याचा या मोहिमेशी संबंध नाही.

परंतु त्या दिवसाची हकीकत पुरी जाहली नाही. शेठजी असतानाच मुलांनी पाट मांडला आणि दगूबाईंस त्यावर बसविले. नऊ वर्षे त्या सर्वांचे मागून, उरलेली, गार भाकर खात आल्या होत्या. ती गरम कैशी लागते हे विसरल्या होत्या. डाव्या हाताने मोडेना, म्हणून जालमसिंगाने घास मोडून दिला. अकराजण तोंडाकडे पाहात उभे. दगूबाईंनी घास सावकाश चावला, गिळला, पदराने डोळे पुसले. धूर फार होता. मग म्हणाल्या, "मीठ कमी शे."

सर्वांनी शेठजींकडे पाहिले. दोन भाकरी खाल्लेले शेठजी छपराकडे पाहू लागले. हिलालराव आत गेले, परात पुढे ओढिली, पिठात चिमूटभर मीठ अधिक घातले आणि तेहतिसावी भाकर थापावयास बसले. या रीतीने माघ वद्य त्रयोदशीस, दोन प्रहर दिवस आला असता, शहादे येथील मुदपाकखाना मुलांनी सर केला. भाकर आली, मीठ बेताचे होते. येथे लेखणी ठेविली.