मानेमास्तरांची शिष्या

आमच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मानेमास्तरांच्या कपाटात दिवसभर दिवा जळत असे. रत्नागिरीच्या दमट हवेने तबल्याचं कातडं सैल पडतं, म्हणून तबला-डग्गा कपाटाच्या उबेत आणि मास्तरांचे शर्ट बाहेर खुर्चीवर. शर्टांना बुरशी धरली तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. म्हणाले, "शर्ट उतरला तरी चालतंय बाई, तबला उतरून चालत नाही."

मास्तर मूळचे मिरजेचे, साठी ओलांडलेले. इथल्या एका संगीतवर्गाने अकरा महिन्यांसाठी शिकवायला बोलावलं, तेव्हा एकटेच आले. सोबत वळकटी, तबला आणि चटणीची भली मोठी बरणी. आमचं जेवण त्यांना गुळचट लागायचं. वाक्याची सुरुवात ठरलेली, "आमच्याकडं." आमच्याकडं रस्ते सपाट. आमच्याकडं पाऊस विलंबितात सुरू होतो, इथला येतो तोच द्रुतात. एकदा मिरकरवाड्याला बांगडे आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परतले. मासे विकणाऱ्या बाईने भाव सांगेपर्यंत त्रितालाची दोन आवर्तनं झाली म्हणे, आणि मास्तर मात्रा मोजण्यात भाव ऐकायचेच विसरले.

श्रावणात माझ्या आईला पक्षाघात झाला. फाटकाशी उभं राहून सगळ्या आळीशी बोलणारी बाई. हातपाय हळूहळू हलायला लागले, पण शब्द फुटेना. बोलायचा सराव करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला वाटलं, हे तर माझंच काम. मी चित्रं आणली, शब्द लिहून काढले. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. मी चिडायची, आणि मग मलाच लाज वाटायची.

एका सकाळी मास्तर तबला घेऊन खाली आले आणि आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसले. आईला आवाज सोसायचा नाही, असं मी जरा तोडूनच म्हटलं. त्यांनी पाच मिनिटं मागून घेतली. आईचा डावा तळवा डग्ग्यावर ठेवला, तबल्यावर बोट आपटलं आणि म्हणाले, "धा."

आई नुसती बघत राहिली.

रोज सकाळी दहाला मास्तर हजर. चार दिवस काही झालं नाही. पाचव्या दिवशी मी कांदा चिरत होते, तर खोलीतून घोगरा, वाकडातिकडा आवाज आला, "धा." सुरी तशीच टाकून मी धावले. आई डग्ग्यावर हात ठेवून स्वतःच दचकली होती.

मग "धिं" आला. मग "ना" आला, आणि आमची पंचाईत झाली. आईला नकार सापडला. पेज पुढे केली की "ना." गोळी दिली की "ना." मास्तर मात्र खूश. लहान मूलही नाही म्हणायलाच आधी शिकतं, असं त्यांचं म्हणणं. पुढे ते "ना" वरून नारळ, "ती" वरून तीळ असे शब्द काढून घेऊ लागले.

एक दिवस "धा" म्हणून आई थांबली. माझ्याकडे वळली. ओठ बराच वेळ हलले आणि शब्द आला, "धाकटी."

आम्ही दोघी बहिणी. आईने मला नावाने कधी हाक मारलीच नाही.

अकरा महिने संपत आले, तेव्हा मी मास्तरांचे आभार मानायला गेले. ते खाली बघत म्हणाले, "आमच्या हिलाही असंच झालं होतं. मला वाटायचं, हिला सगळं कळतंय, बोलायची काय गरज. वर्षभर बाहेरच्या खोलीत वाजवत बसलो. जवळ जाऊन नाही बसलो, बाई."

दुसऱ्या दिवशी सराव आटोपला तरी मास्तर उठेनात. वर्ग संपतोय, पण खोली आणखी काही दिवस ठेवली तर चालेल का, असं त्यांनी मला चाचरत विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून उत्तर आलं. आईला "र" अजून नीट येत नव्हता. तीनदा प्रयत्न करून ती म्हणाली, "राहा."