दोदोलाची खरवड

नाताळ परवावर आला असताना रोमाल्दने ठरवलं, की यंदाचा गोडाचा दोदोल आपण स्वतः ढवळायचा. बायकोला, एफिजेनियाला, त्याने चर्चमध्ये येशूजन्माचा गोठा सजवायला पिटाळलं. (पुरुषाने स्वयंपाकघरात असं काही ठरवलं, की शहाण्या बाईने चर्चमध्येच जावं. प्रार्थनेची गरज लागतेच.)

कारण तसंच होतं. आई गेली तेव्हा तिच्या तांब्याच्या काहिलीवरून रोमाल्दचं आणि थोरल्या बहिणीचं, क्लेमेन्तिनाचं (तिला तो माना म्हणायचा), चांगलंच वाजलं होतं. "ठेव काहील तुझ्याकडे. ढवळायला तुझ्या घरात हात कुणाचा आहे?" असं म्हणून ती जी कुडतरीला सासरी गेली, ती पुन्हा माहेरची पायरी चढली नाही. नाताळच्या जेवणाला तिची खुर्ची दरवर्षी मांडली जायची आणि दरवर्षी तिच्यावर मांजर झोपायचं. यंदा मात्र चर्चच्या फेस्ताच्या गर्दीत ती एफिजेनियाशी आपणहून बोलली. आईच्या काहिलीतला दोदोल कोंसुआदीच्या, नाताळच्या फराळाच्या, ताटात पाठवा, म्हणाली. जिभेला आई आठवली तर नाताळला जेवायला येईन.

तेव्हा रोमाल्दने बाह्या सारल्या. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, खाली नारळाच्या सोडणांचा जाळ. दोदोल एकदा चुलीवर चढला की हात थांबवायचा नाही, मग खांदा निखळून पडो. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, हात त्याचा सुरेख चालला होता. गूळ चकाकायला लागला, गोळा काहिलीची कड सोडायला लागला, आणि नेमका तेव्हाच खिडकीतून त्याला घरापुढच्या बाल्कांवातला कागदी तारा दिसला. वाकडा.

मिनिटभराचं काम, म्हणून तो स्टुलावर चढला. कुंपणापलीकडून शेजारी पास्कोल म्हणाला, जरा डावीकडे घे. मग म्हणाला, फार झालं. मग तारा वाकडा की घर वाकडं, यावर दोघांची जुंपली. (घर रोमाल्दच्या आजोबांनी बांधलेलं, तेव्हा वाद लांबणारच.) शेवटी नाक वर करून पास्कोलनेच विचारलं, हे कोण रे काय जाळतंय?

एफिजेनिया आली तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. तिने बोटाने चाखून बघितलं. "धुराचा लागतोय, पण खाण्यासारखा आहे. असाच ने. करपला म्हणून सांग. बहीणच आहे ना ती?"

पण करपलेला दोदोल मानाच्या जिभेवर ठेवायची रोमाल्दची छाती होईना. त्याने उलथन्याने सगळा खरवडून काढला, तळाशी धरलेल्या जाड खरवडीसकट, आणि पास्कोलच्या डुकरापुढे नेऊन ओतला. मग चिंच लावून काहील इतकी घासली, की तिच्यात तोंड दिसायला लागलं. एफिजेनिया म्हणाली, बघून घे नीट.

दुसऱ्या दिवशी मडगावच्या बाजारात एका बाईच्या टोपलीतून त्याने दोदोल घेतला, आईच्या ताटलीत थापला, वर काजू खोचले, आईने विणलेला रुमाल झाकला आणि कुडतरी गाठली.

क्लेमेन्तिनाने एक फोड कापून तोंडात ठेवली. डोळे मिटले. 

"छान झालाय," ती म्हणाली. "कुणी ढवळला?"

"मीच, माना. खांदा अजून ठणकतोय."

"ठणकणारच. माझाही ठणकतोय. मडगावच्या त्या टोपलीवालीला दर नाताळात मीच करून देते."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं रोमाल्दला वाटलं. पण ती कुडतरीची धरणी, तीही बहिणीच्याच बाजूची. त्याने सगळं सांगून टाकलं. तारा, पास्कोल, धूर. ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती चिडली नाही.

"करपला म्हणजे खाली धरला?" तिने विचारलं. "मग खरवड कुठेय?"

रोमाल्दने ताटलीतला एक काजू नीट खोचला.

"आईचा दरवेळी खाली धरायचा. काहिलीत डोकी घालून आपण दोघं भांडायचो, खरवड कुणाची म्हणून. वेड्या, दोदोल मला करता येत नाही का? मला हवी होती ती खरवड. कुठेय?"

"पास्कोलच्या डुकराला घातली."

क्लेमेन्तिनाने ताटली बाजूला सारली. आईच्या रुमालाची तिने टोकाला टोक जुळवून घडी घातली. मग विचारलं, ते डुक्कर कापणार कधी?

"तीन राजांच्या फेस्ताला, सहा जानेवारीला."

"तर मग उद्या माझी वाट बघू नका. त्या दिवशी येईन, त्या डुकराचं सोरपोतेल खायला. आईचा दोदोल तेवढाच पोटात जाईल." ती हसत होती, पण रुमालाची घडी तिने डोळ्यांना लावली होती.

नाताळला खुर्ची मांडली. मांजर झोपलं. रोमाल्दने ताट अर्धवट सोडलं. हात धुऊन तो कुंपणाशी गेला आणि पास्कोलला म्हणाला, फेस्ताला मटणातला एक वाटा माझ्या बहिणीसाठी ठेव. का, तेही सांगितलं.

पास्कोल दात कोरत होता. "आमच्या डुकराने? तुझा दोदोल?" तो म्हणाला. "हुंगलं आणि पाठ फिरवून गेलं की ते." मग मान तिरकी करून त्याने वर बघितलं. "आणि रोमाल्द, तारा अजून वाकडाच आहे."