भालचंद्ररावांची आफ्रिका

शेजारचा विश्वास कुकर परत द्यायला आला आणि दारातूनच वळू लागला. त्याला आणखी दहा मिनिटं थांबवावं, एवढ्याच हेतूने भालचंद्रराव म्हणाले, "मी आफ्रिकेला जायचं म्हणतोय."

(वास्तविक ते कोपऱ्यावरून दूध आणायचाही कंटाळा करत. पण पत्नी सुलभाताई गेल्यापासून अयोध्यानगरातल्या त्या घरात दुसरा आवाज फक्त फ्रिजचा होता, आणि तोही मधूनमधून बंद पडे.)

विश्वास आत येऊन बसला. "आफ्रिका? अहो भाऊ, सिंहच बघायचाय तर वनविहार आहे की! ऑटो करू."

"कुंपणातला नको. न्गोरोंगोरो! ज्वालामुखीचं अवाढव्य विवर, आणि त्यात मोकळे हिंडणारे सिंह, हत्ती, गेंडे!" आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेलं सगळं भालचंद्ररावांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या संध्याकाळी विश्वास बायकोला, प्रतिभाला घेऊन आला. तिसऱ्या दिवशी समोरचे जयंत-मालती आणि मागल्या गल्लीतले अच्युत-शोभाही आले. सगळे एकाच कारखान्यातून रिटायर झालेले. मीटिंग म्हटली की यांच्या अंगातच येई. भालचंद्ररावांनी पोहे केले, वर शेव भुरभुरली. घर कसं भरून गेलं!

आता धोका एकच होता. सहल ठरली की बैठका संपणार. म्हणून ठरत आलं की भालचंद्रराव खोडा घालत. जून म्हटलं, तर गवत वाळलेलं. एप्रिल म्हटलं, तर चिखल. पीतज्वराची लस डाव्या दंडात घ्यावी की उजव्या, यावर त्यांनी आठवडा काढला.

शोभावहिनी नोकरीत प्लॅनिंगला होत्या. एके दिवशी त्यांनी पदर खोचला. "बस हो गया! बुकिंग मी करते."

"पण पाऊस..."

"छत्री घेऊ!"

पुढच्या बैठकीला मंडळी पेढे घेऊन आली, पण भालचंद्ररावांकडे कुणी बघेना. शेवटी विश्वास खाकरला.

"भाऊ, तिथली गाडी सहाजणांची असते. खोल्याही दोघादोघांच्या. आणि तुम्ही आता... म्हणजे..."

"तुमचा तर केवढा अभ्यास झालाय!" प्रतिभा घाईघाईने म्हणाली. "तुम्हाला बघायचं राहिलंय काय?"

"बरोबर आहे," म्हणत भालचंद्रराव चहा टाकायला आत गेले आणि गॅस न पेटवताच बराच वेळ उभे राहिले.

मंडळी सहलीला निघताना तिन्ही घरांच्या किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. ते कुंड्यांना पाणी घालत हिंडू लागले. ताब्यात चार घरं, आणि बोलायला एकातही माणूस नाही!

एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. पडदाभर विश्वासचं नाक.

"भाऊ, सिंह! अगदी गाडीला खेटून!"

"दाखव ना रे."

"दाखवतो हो! आधी ऐका. शोभावहिनी म्हणतात, पुढच्या वर्षी केनिया. आल्या आल्या बैठक, तुमच्याकडेच. तुमच्याशिवाय बैठक कसली?" मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "गाडी मात्र तिथेही सहाजणांचीच असते."

"चालेल!" भालचंद्रराव इतक्या जोरात ओरडले, की झोपलेला सिंहही मान वळवून बघू लागला, असं विश्वास नंतर सगळ्यांना सांगे. भालचंद्ररावांना मात्र त्याचं नाकच दिसत होतं.