बदली राजांची पंगत

परदेशी राजाच्या शाही दौऱ्याचा उद्देश दोन देशांमधील मैत्रीचे संबंध अधिक दृढ करणे हा असतो. संबंध दृढ करण्यासाठी प्रथम रस्ते बंद करावे लागतात, मग घोड्यांना खरारा करावा लागतो आणि शेवटी जेवावे लागते. आमच्या गावात किल्ला असल्यामुळे, आणि किल्ल्यात राजघराणे राहत असल्यामुळे, हे संबंध आमच्याच मुख्य रस्त्यावर, हाय स्ट्रीटवर, दृढ होतात. त्या दिवसांत पाव आणायलाही आम्हाला नदीपलीकडून वळसा घालावा लागतो. परंतु मैत्री म्हटली की एवढे चालणे आलेच.

मी किल्ल्यात नोकरीला आहे. आधुनिक कवितेत पदवी मिळवलेल्या माणसाला किल्ल्यात एकच काम मिळू शकते, ते मला मिळाले: फलकांचा मजकूर लिहिणे. ‘हिरवळीवर चालू नये’ आणि ‘तोफेवर बसू नये’ या माझ्या दोन रचना आजही जागच्या जागी उभ्या आहेत. दुसरीत, तोफेच्या आणि बसण्याच्या मध्ये, एक काळोखा विराम आहे. पर्यटकांना तो जाणवत नाही. ते तोफेवर बसतात.

फलकांना मागणी नसते तेव्हा मी राजा असतो. प्रत्येक दौऱ्याची आधी रंगीत तालीम होते. बग्ग्या निघतात, बँड वाजतो, मेजावरच्या पेल्यांमधील अंतरे पट्टीने मोजली जातात. खऱ्या राजांना तालमीला बोलावणे योग्य दिसत नाही, म्हणून बदली माणसे नेमतात. पाहुण्या राजाच्या जागी माझी नेमणूक माझ्या व्यक्तिमत्त्वामुळे झाली असावी, असा माझा समज होता. शाही स्वागत विभागाचे प्रमुख सर लायनेल फॅन्शॉ-पाइक यांनी तो दूर केला.

“तुमचे खांदे उतरते आहेत, टॅप्सकॉट,” ते म्हणाले. “खांद्यावरून घ्यायचा राजपट्टा छान बसतो. बाकी काही नाही.”

यजमान राजाच्या जागी डेस्मंड पार्जिटर असत. गॅसचे मीटर तपासण्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले होते. बग्गीत ते माझ्या शेजारी बसत आणि रिकाम्या रस्त्याकडे पाहून हात हलवता हलवता कोणत्या घरात गॅस गळतो ते मला हळूच सांगत. आमचे संबंध बऱ्यापैकी दृढ होते.

आता आईविषयी. माझी आई, हेस्टर टॅप्सकॉट, वडील गेल्यापासून एकटीने जेवत नाही. ताट वाढून घेते, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहते आणि ताट झाकून ठेवते. मी सोबत बसून पाहिले. तिचे म्हणणे असे पडले की रिकामी खुर्ची परवडली, ती निदान उसासे टाकत नाही. सुदैवाने चर्चच्या सभागृहात गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे दुपारचे जेवण होत असे. मैद्याच्या पारीत खिमा भरून भाजलेला ‘पाय’, वाटाणे, शेवटी कस्टर्ड. आई तिथे श्रीमती रूक यांच्या बरोबर समोर बसे आणि त्यांच्याशी भांडत भांडत ताट स्वच्छ करी. श्रीमती रूक वयाने सर्वांत मोठ्या होत्या आणि त्यांना काहीच मान्य नसे. आईची भूक त्यांच्यावर अवलंबून होती.

हे जेवण बंद होणार असे जाहीर झाले. संबंध वरचेवर दृढ होऊ लागल्याने घोड्यांची खोगिरे ठेवायला जागा अपुरी पडत होती आणि सभागृह किल्ल्याला सोयीचे होते.

“तू सांग की राजाला,” आई म्हणाली. “रोज तिथेच तर असतोस.”

“आई, माझी राजाशी ओळख नाही. मी राजा असतो.”

“मग काढ की हुकूम! कुणी धरलंय तुला?”

“मी फक्त तालमीत राजा असतो गं.”

“तुझ्या बापाचंही असंच. सगळी मर्दुमकी तालमीत.” तिने ताट झाकले.

त्यानंतर जो दौरा होता, त्यातील पाहुण्या देशाचे नाव मी देत नाही. त्याने संबंधांना बाधा पोहोचेल. दौऱ्याच्या सकाळी त्यांचे महाराज विमानात होते आणि खाली त्यांच्या प्रजेने राजवाड्याची दारे उघडून आत मुक्काम ठोकला होता. विमान वळले आणि दुसऱ्याच कुठल्यातरी उबदार देशात उतरले. ही बातमी आमच्याकडे पोहोचली तेव्हा हाय स्ट्रीटवर झेंडे लागले होते आणि घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घालून झाल्या होत्या.

“दौरा रद्द करावा लागेल, साहेब,” मी सर लायनेलना म्हणालो.

“कसा? रद्द करायला दोन्ही राजांची संमती लागते. सकाळपासून त्यातला एक राजा राजाच नाही. मग संमती घ्यायची कुणाची? त्या जमावाची? त्यांच्याशी आपले संबंध अजून दृढ व्हायचे आहेत.”

“मग?”

“दौरा रद्द होत नाही आणि राजा येत नाही, अशा वेळी तालीम संपली असं धरता येत नाही. तालीम चालू आहे, टॅप्सकॉट. पट्टा चढवा.”

मी पट्टा चढवला. बग्गीत शेजारी पार्जिटर बसलेले पाहून मला आश्चर्य वाटले. आमचे खरे महाराज तर धडधाकट होते.

“राजाच्या शेजारी राजाच बसू शकतो,” सर लायनेल म्हणाले. “बदली राजाच्या शेजारी खऱ्या राजाला बसवणं म्हणजे सिंहासनाचा अपमान. दोन्ही बाजू समान पातळीवर हव्यात. राजशिष्टाचाराचा पायाच तो आहे.”

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी होती. ती हात हलवत होती, आणि मला प्रथमच कळले की हलणाऱ्या हातांना चेहरा लागत नाही, पट्टा पुरतो. बेकरीच्या कोपऱ्यावर आई उभी होती. “आल्विन, पाठ सरळ ठेव!” ती ओरडली. शेजारच्या बाईने तिला पाहुण्या देशाची रहिवासी समजून बसायला खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्राने लिहिले की पाहुण्या महाराजांच्या डोळ्यांत त्यांच्या दूरच्या भूमीतील सरोवरांची उदासी साठलेली होती. ती उदासी माझ्या पदवीची होती. परंतु खुलासा करणे शिष्टाचारात बसत नव्हते.

रात्री मेजवानी झाली. मी त्यांचा राजा नव्हे हे त्या देशाच्या राजदूताने ओळखले नाही असे मुळीच नाही. पण त्याचीही नोकरी सकाळपासून अधांतरी होती, आणि माझ्यापुढे सर्वांत आधी मान त्यानेच लवविली. झुंबरांखाली शंभरावर माणसे बसली होती आणि चांदीच्या भांड्यांत प्रत्येकाचा चेहरा किंचित रुंद, किंचित सुखी दिसत होता.

या पंगतीचे दोन नियम साऱ्या जगाला मान्य आहेत. पहिल्या पदार्थाच्या वेळी राजा उजवीकडच्या पाहुण्याशी बोलतो, दुसऱ्याच्या वेळी डावीकडच्याशी. समोरच्याशी कोणीही बोलत नाही. आणि यजमान राजाने काटा खाली ठेवला की सगळ्यांचे जेवण झाले. ताटल्या उचलल्या जातात, मग कोणाच्या घशात घास असो वा भाषण. अशा मेजवान्यांना सरावलेले पाहुणे आधी खातात आणि मैत्रीचे नंतर बघतात. नवखे बोलत बसतात.

मासा आला. पार्जिटरना पोटात व्रण होता. डॉक्टरांनी त्यांना तळलेले वर्ज्य सांगितले होते. म्हणजे ते दोन घास शिष्टाचारापुरते घेणार आणि काटा ठेवणार. तेवढाच वेळ माझ्या हाती होता. माझ्या डोळ्यांसमोर झाकलेले ताट आले.

“पार्जिटर,” मी ओठ न हलवता म्हणालो, “आईचं दुपारचं जेवण बंद होतंय. सभागृहात खोगिरं ठेवणार आहेत.”

“मला काय सांगतोस? मी काय राजा आहे?”

“आत्ता आहात.”

त्यांनी छातीवरच्या पदकांकडे पाहिले. पहिला घास गिळला. “अरे, हो की.”

आमच्या खुर्च्यांमागे एक चिटणीस उभा होता. यजमान राजाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द टिपणे हे त्याचे काम, आणि त्या शब्दामागे खरा राजा आहे की नाही हे पाहणे त्याच्या कामात येत नव्हते. पार्जिटर खाकरले.

“आपल्या देशात वडीलधाऱ्या माणसांच्या जेवणाची काय व्यवस्था आहे, महाराज?”

“ती एकटी जेवतात, महाराज,” मी म्हणालो. “किंवा जेवत नाहीत. आपल्या गावात मात्र ती चर्चच्या सभागृहात एकत्र जेवतात, असं ऐकलं. असं दृश्य मी अन्यत्र कुठे पाहिलेलं नाही.”

“फारच सुंदर,” पार्जिटर म्हणाले. “हे टिकलं पाहिजे.” आणि समाधानाने त्यांनी काटा खाली ठेवला.

माझा काटा अजून माशाला लागला नव्हता. वाढप्याच्या पांढऱ्या हातमोज्यांनी मासा अत्यंत आदराने उचलून नेला.

घरी गेलो तर आई जागीच होती.

“आई, जेवण बंद होत नाही! खुद्द राजाच्या तोंडून—”

“ते राहू दे. जेवायला काय होतं?”

“मासा.”

“कसला?”

“ठाऊक नाही. उचलून नेला.”

“राजा झाला तरी साधा मासा बघता येईना!” ती म्हणाली. सकाळी शेजाऱ्यांनीही तेच विचारले, आणि बेकरीतल्या बाईनेही.

राजेच्छा प्रकट झाली होती. ती अमलात येणे भाग होते. ती शाही मेजवानीत प्रकट झाल्यामुळे तिची अंमलबजावणी शाही स्वागत विभागाकडे आली. सर लायनेल सभागृहात आले, त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवून खिम्याचा ‘पाय’ पाहिला आणि हा उपक्रम परदेशी पाहुण्यांना दाखवण्याजोगी राष्ट्रीय भोजनपरंपरा असल्याचे घोषित केले. खोगिरे टळली, मेणबत्त्या आल्या. परंपरा म्हटल्यावर तिला शिष्टाचार हवा, आणि शिष्टाचार विभागाकडे तयारच होता.

त्यानुसार म्हातारी माणसे पहिल्या पदार्थाच्या वेळी उजवीकडे बोलू लागली आणि दुसऱ्याच्या वेळी डावीकडे. आईच्या उजवीकडचे गृहस्थ ठार बहिरे होते आणि डावीकडची खुर्ची वर्तमानपत्रांच्या प्रतिनिधींसाठी राखीव होती. समोर श्रीमती रूक होत्या, पण समोर बोलता येत नव्हते. वयाच्या ज्येष्ठतेनुसार त्याच पंगतीच्या प्रमुख ठरल्या. दोन घास झाले की श्रीमती रूक यांना डुलकी लागते. हातातून चमचा गळून पडतो. तो पडला की सगळ्यांचे जेवण झाले.

काही आठवडे आई अर्धपोटी घरी येत राहिली. शेवटी कुठल्याशा देशाची राजकन्या पाहणीला आली असताना चमचा पडला, हातमोजे पुढे झाले, आणि आईने ताटली दोन्ही हातांनी धरून ठेवली.

“हात तर लाव मेल्या, मग दाखवते! आणि हेलन रूक, ऊठ! सूप गार झालं, तुला कळत नाही का गं?”

श्रीमती रूक जाग्या झाल्या. “गारच चांगलं असतं,” त्या म्हणाल्या. दोघींच्या चेहऱ्यांवर बऱ्याच दिवसांनी रक्त चढले.

सर लायनेलनी मला बोलावून घेतले.

“तुमच्या आईविषयी आदर आहे, टॅप्सकॉट. पण त्या जेवताना भूक दिसते. परदेशी पाहुण्यांपुढे भूक दिसणं बरं नाही.”

“त्या जेवणाला भूक लागल्यावरच येतात, साहेब.”

“तिथेच चुकतं. आपण बदली माणूस घेऊ. एका नाटक मंडळीत एक बाई आहेत, सुरकुत्या अत्यंत बोलक्या. त्या घरून जेवून येतील.”

“पण साहेब, हे जेवण चालू राहावं असं—”

“चालूच आहे की! बंद कुठे केलंय? तुम्हीच तर मागितलंत. म्हणजे, त्या महाराजांनी.”

मी वाद घातला नाही. खांदे उतरते असलेल्या माणसाच्या खांद्यावर वाद टिकत नाही, पट्टा टिकतो. हळूहळू श्रीमती रूक यांचीही बदली झाली, कारण त्यांची डुलकी ऐनवेळी लागेलच याची खात्री देता येत नव्हती. त्यांच्या जागी आलेल्या बाईंना ती बरोबर ठरल्या घासाला लागते. आता सभागृहात एकही खरा म्हातारा माणूस नाही, एकही ताट रिकामे होत नाही आणि कार्यक्रम दुपारी दूरदर्शनवर दाखवतात. दाराबाहेरच्या फलकाचा मजकूर माझा आहे: ‘येथे वडीलधारी माणसे एकत्र जेवतात. कृपया आत येऊ नये.’ दोन वाक्यांमधील शांतता मला बरी साधली आहे, असे मला अजूनही वाटते.

आई तो कार्यक्रम न चुकता पाहते. तिच्या मांडीवर झाकलेले ताट असते.

“बघ माझी बदली,” ती म्हणते. “काटा कसा धरलाय भवानीनं. आज काय वाढलंय रे त्यांना? सरक, दिसू दे.”

मी सरकतो.

त्या मेजवानीबद्दल मला अजूनही लोक भेटतात आणि एकच गोष्ट विचारतात. मासा उचलून नेल्यापासून आपल्याही मनात तीच असणार, सुज्ञ वाचकहो, याची मला जाणीव आहे. म्हणून मी मुदपाकखान्यात मुद्दाम जाऊन चौकशी केली. तो ट्राउट होता. लोण्यात परतलेला, वर बदामाचे काप.

आई जेवली का, अशी विचारणा अद्याप कोणाकडूनही आलेली नाही.