बोधाच्या दारात ‘आधी तुम्ही’

एका जंगलात, बाळांनो, सगळेच भाविक होते. वाघसुद्धा चतुर्थीला रताळी उकडून खायचा आणि शेळी त्याला सोलून द्यायची.

तिथे साळूकाकू नावाची साळिंदरीण राहायची. तिनं इतकी व्रतं केली होती, पण एकही उद्यापनाशिवाय सोडलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात कासव भन्ते वर्षावासाला आले. रोज पिंपळाखाली ग्रंथ वाचायचे. आषाढ गेला, श्रावण गेला, भाद्रपद संपला. प्रस्तावना चालूच.

“सगळं सार प्रस्तावनेतच आहे,” भन्ते म्हणाले. “बोध सर्वांना होणार, किडामुंगीलासुद्धा. आणि बोधिसत्त्व म्हणतो, सगळे पार झाल्याशिवाय मी पार होणार नाही.”

“म्हणजे व्रतच की,” साळूकाकू पुढे सरकली. “उद्यापन कधी?”

“शेवटचा जीव पार झाला की.”

“आणि साबुदाणा चालतो ना?”

भन्त्यांनी मान कवचात ओढून घेतली.

काकूनं लगेच संकल्प केला. दारोदार जाऊन सगळ्यांना करायला लावला.

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी पिंपळाच्या बुंध्यात बोधाचं दार उघडलं. आतून गार, शांत उजेड आला.

“आधी तुम्ही,” ससा कोल्ह्याला म्हणाला.

“छे, तुम्ही पाहुणे.”

“मी शेवटी,” वाघ म्हणाला. “माझं व्रत आहे.”

“माझंही तेच आहे, भाऊजी,” शेळी म्हणाली.

दुपार झाली. उंबरठ्याला कुणाचं पाऊल लागेना. काकू दारापुढे येरझारा घालू लागली. कुणीच गेलं नाही, तर उद्यापन व्हायचं कसं? तिचं व्रत पहिल्यांदाच अर्धवट राहणार होतं.

इतक्यात भुरी म्हैस आली. एकट्या तिचाच संकल्प राहून गेला होता. प्रस्तावनेच्या पहिल्या ओळीलाच तिला झोप लागली होती.

“वन्सं,” काकू गोड आवाजात म्हणाली, “जरा आत जाता का?”

“गाळ आहे?”

“बघा तरी.”

म्हैस उंबरठ्यावर चढली. सवयीनं मागे वळून म्हणाली, “बरंय, येते.” आणि गेली. सगळ्यांनी डोळे पुसले.

घटकाभरानं ती बाहेर आली.

“अहो, परत कशाला?” काकू कळवळली.

“येते म्हणाले होते ना. ‘जाते’ म्हणू नये, आई सांगायची.”

भन्त्यांनी मान पूर्ण बाहेर काढली आणि म्हशीला वाकून नमस्कार केला. “पार जाऊन सगळ्यांसाठी परत यायचं, हे ग्रंथात फार पुढे आहे. तिथवर मीही पोचलो नाही.”

“पुढचं मला नाही ठाऊक,” म्हैस म्हणाली. “आत ऐसपैस आहे. काकू, तुम्ही या की जाऊन.”

काकूनं विचार केला. व्रतात पार व्हायचं नाही असं होतं. जाऊन यायचं नाही असं कुठे होतं?

तिनं काटे नीट बसवले, पदर घेतला. “येते हं,” म्हणाली आणि उंबरठा ओलांडला. मागून सगळ्या जंगलाची रांग लागली.

तात्पर्य: बोधाला निघताना ‘येते’ म्हणावं. म्हणजे मुक्तीही मिळते आणि संध्याकाळचा कुकरही वेळेवर लागतो.